पाच डॉलरची होडी : थिया फॉस

बेलव्ह्यूच्या मेडेनबॉअर बेच्या काठावर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. समोर लेक वॉशिंग्टनचं शांत पाणी असतं. हे पाणी समुद्राला जोडलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर पटकन खरं वाटणार नाही. पण ते जोडलेलं आहे. नकाशा उघडा आणि त्यावर बोट ठेवून चला. (इथे बोट म्हणजे हाताचं बोट, बरं का! ते बोट आणि ती बोट, हे दोन्ही शब्द आज आपल्याला लागणार आहेत.)

लेक वॉशिंग्टनमधून निघा. माँटलेकचा कालवा पार करा, मग लेक युनियन लागेल, आणि मग बॅलार्डचे लॉक्स. तिथे पाण्याची पातळी कमीजास्त करून बोटींना तळ्यातून समुद्राकडे उतरवतात. हा जलमार्ग १९१७ साली रीतसर खुला झाला. दोनच वर्षांनी, १९१९ पासून, अलास्काच्या बाजूला देवमाशांची शिकार करणाऱ्या बोटी हिवाळ्यात थेट मेडेनबॉअर बेमध्ये येऊन थांबू लागल्या.

लॉक्सच्या पलीकडे प्युजिट साउंड आहे. तिथून बोट खाली, दक्षिणेकडे सरकवत न्या. सिअ‍ॅटल मागे पडेल आणि टकोमा शहर येईल. बेलव्ह्यूहून गाडीने गेलात, तर रस्ता मोकळा असताना तासाभरात पोचाल. आजची गोष्ट या टकोमाच्या किनाऱ्यावरची आहे.

पण आधी एक प्रश्न. फेरीतून जाताना तुम्ही टगबोट बघितली आहे का? ती दिसायला छोटी आणि बुटकी असते. तिच्या कडेला जाड रबर लावलेलं असतं. तिच्या शेजारचं मालवाहू जहाज एखाद्या इमारतीएवढं असतं. तरी बंदरात शिरताना त्या प्रचंड जहाजाला या छोट्या टगची मदत लागते. कारण मोठं जहाज झटकन वळत नाही आणि झटकन थांबतही नाही. टगचं इंजिन तिच्या आकाराच्या मानाने खूप ताकदीचं असतं. ती जहाजाला ढकलते, ओढते, हळूच धक्क्याला लावते. टग हिरव्या आणि पांढऱ्या रंगाची असेल, तर ती बहुतेक फॉस कंपनीची असते. आता हे रंग कुठून आले ते ऐका.

थियाचा जन्म १८५७ साली नॉर्वेमधल्या आयड्सबर्ग या गावात झाला. मोठी झाल्यावर ती ख्रिस्तियानिया शहरात आली. त्या शहराला आज आपण ऑस्लो म्हणतो. तिथे तिची अँड्र्यूशी ओळख झाली. अँड्र्यू खलाशी होता आणि सुतारकामही उत्तम करायचा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, पण हातात पैसे नव्हते. मग अँड्र्यू आधी अमेरिकेला गेला आणि थिया मागून आली. १८८२ साली मिनेसोटामधल्या सेंट पॉल शहरात त्यांचं लग्न झालं.

अँड्र्यूचं मूळ आडनाव ओलेसन. पण सेंट पॉलमध्ये नॉर्वेहून आलेले इतके ओलेसन होते की कोण कुठला ते कळेना. म्हणून त्याने आडनाव बदलून फॉस केलं. नॉर्वेच्या भाषेत फॉस म्हणजे धबधबा. नव्या देशात आल्यावर नावाचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्याही घरात कधी निघाला असेल. काही जण नाव लहान करतात, काही जण समोरच्याला नीट उच्चार शिकवतात. या कुटुंबाने नाव बदललं, पण नवं नावही आपल्याच भाषेतलं ठेवलं.

१८८८ साली अँड्र्यू कामाच्या शोधात टकोमाला पोचला. पुढच्या वर्षी थिया मुलांना घेऊन आली. टकोमा तेव्हा भराभर वाढत होतं. या किनाऱ्यावर प्युअ‍ॅलप लोक पिढ्यानपिढ्या राहत आले होते. आता तिथे रेल्वे आली होती, लाकूड कापायच्या गिरण्या सुरू झाल्या होत्या, आणि लाकूड न्यायला लांबलांबून शिडाची जहाजं येत होती. शहर वाढत होतं, पण फॉस कुटुंबाकडे जमिनीचा तुकडाही नव्हता. म्हणून अँड्र्यूने वाहून आलेल्या लाकडांतून एक छोटं घर बांधलं, तेही पाण्यावर तरंगणारं. भरती आली की घर वर, ओहोटी लागली की घर खाली!

१८८९ च्या उन्हाळ्यात अँड्र्यू सुतारकामासाठी घरापासून दूर गेला होता. थिया नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. अंगात ताकद नव्हती, पदरात लहान मुलं होती आणि पैसे मोजकेच होते. अशा वेळी एक कोळी आपली जुनी होडी विकायला निघाला होता. त्याला या धंद्याचा कंटाळा आला होता. थियाने ती होडी पाच डॉलरला विकत घेतली.

थोडं थांबून विचार करा. घरात पैसे कमी असताना पाच डॉलर घालवायचे, तेही एका जुनाट होडीवर. हा निर्णय चुकला असता, तर मुलांच्या खाण्यापिण्याची ओढाताण झाली असती. पण थियाने एक गोष्ट पाहिली होती. तिचं घर पाण्यावरच होतं, त्यामुळे येणारीजाणारी माणसं तिला रोज दिसत. तेव्हा रस्ते आणि पूल फारसे नव्हते. कुणाला मासे पकडायला जायचं असे, कुणाला बदकांच्या शिकारीला, कुणाला खाडीच्या पलीकडे कामावर. सगळ्यांना होडी लागायची, आणि प्रत्येकाकडे स्वतःची होडी नसायची.

तिने होडी घासूनपुसून साफ केली. पांढरा रंग दिला, कडेला हिरवा रंग लावला. होडी पुन्हा नव्यासारखी दिसू लागली आणि लवकरच जास्त किमतीला विकली गेली. त्या पैशांतून तिने आणखी जुन्या होड्या घेतल्या. त्याही रंगवल्या, काही विकल्या, काही भाड्याने दिल्या. अँड्र्यू परत आला तोवर थियाची कमाई त्याच्या कमाईच्या पुढे गेली होती. ही गोष्ट फॉस कुटुंबात पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे.

अँड्र्यूला यात कमीपणा वाटला नाही. त्याने बाहेरची सुतारकामं कमी केली आणि तो घरीच होड्या बांधू लागला. थिया धंदा बघायची, अँड्र्यू हत्यारं हातात घ्यायचा. एकेक करत त्यांच्या होड्यांची संख्या २०० च्या आसपास गेली. आपल्याकडे म्हणतात ना, थेंबे थेंबे तळे साचे, तसंच झालं.

मग वल्ह्यांच्या होड्यांनंतर इंजिनाच्या छोट्या बोटी आल्या. खाडीत उभ्या असलेल्या जहाजांना खाण्याचं सामान लागायचं, माणसांची ने-आण करावी लागायची. जहाज दिसलं की जो आधी पोचेल त्याला काम मिळायचं. तिथे उद्या येतो म्हणून चालत नाही. रात्र असो, पाऊस असो, बोट तयारच पाहिजे. म्हणून कंपनीचं ब्रीदवाक्य ठरलं, कायम तयार. हे ब्रीद थियाचंच, असं मानलं जातं.

यानंतर ते टोइंगच्या कामाकडे वळले. टोइंग म्हणजे दोर बांधून ओढून नेणं. जंगलात तोडलेले ओंडके पाण्यात सोडायचे, त्यांचे मोठे तराफे बांधायचे आणि टगने गिरणीपर्यंत ओढत न्यायचे. हे काम सोपं नाही. असा तराफा माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू सरकतो. टकोमाजवळच्या अरुंद सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढा फार जोराचा असतो. पाणी उलट वाहत असेल, तर टग पूर्ण ताकद लावूनही जागची हलत नाही. म्हणून कॅप्टनला भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ लागतं. कधी थांबायचं हे ज्याला कळतं, तोच माल वेळेवर पोचवतो.

कामं वाढली तशी कामाला माणसंही वाढली. त्यांतले बरेच जण फॉस कुटुंबाजवळच राहायचे. त्यांचा स्वयंपाक थिया करायची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांसाठी बायका खानावळी चालवायच्या, हे तुम्ही आजीआजोबांकडून ऐकलं असेल. घर सोडून आलेल्या माणसाला वेळेवर गरम जेवण मिळालं, तर तो टिकून राहतो आणि मन लावून काम करतो. थियाचं स्वयंपाकघर म्हणजे अशीच एक खानावळ होती. कोण आजारी आहे, कोणाचं पोट भरलं नाही, कोणती बोट अजून परत आलेली नाही, हे सगळं तिला आधी कळायचं.

आर्थर, वेडेल आणि हेन्री हे तिचे तीन मुलगे बोटींमध्येच वाढले आणि पुढे याच धंद्यात आले. कंपनी टकोमाहून सिअ‍ॅटललाही पोचली. ज्या कालव्यातून तुम्ही मघाशी नकाशावर बोट फिरवलंत, त्याच कालव्याच्या काठी फॉसच्या बोटी बांधायची आणि दुरुस्त करायची जागा अनेक वर्षं होती.

१९२७ च्या जूनमध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, थिया फॉस वारली. अँड्र्यू तिच्यामागे दहा वर्षं जगला.

गोष्ट इथे संपत नाही. १९३१ साली एका अमेरिकन मासिकात टगबोट अ‍ॅनी नावाच्या बाईच्या कथा येऊ लागल्या. लेखक होते नॉर्मन रेली रेन. ही अ‍ॅनी म्हणजे टगची कॅप्टन, मोठ्या आवाजाची आणि कुणालाही न घाबरणारी. अ‍ॅनीची कल्पना थियावरूनच सुचली, असं पुष्कळ लोक मानतात. १९३३ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि तो गाजला. त्यात जी टग दिसते, ती फॉस कंपनीचीच होती. पुढे तिला आर्थर फॉस हे नाव मिळालं. ती टग बांधली गेली १८८९ साली, म्हणजे थियाने पहिली होडी घेतली त्याच वर्षी. सिअ‍ॅटलमध्ये ती जुनी टग ऐतिहासिक बोट म्हणून जपून ठेवली आहे.

सिनेमातली अ‍ॅनी मजेशीर आहे, यात शंका नाही. पण ती थिया नव्हे. थियाचं मोठेपण टगच्या चाकावर उभं राहण्यात नव्हतं. तिने जुनी होडी रंगवली, पैसा जपून वापरला, दिलेली वेळ पाळली, दमून आलेल्या माणसांना जेवू घातलं. अशी कामं सिनेमात फारशी दाखवत नाहीत. घरातही ती रोज होत असतात, म्हणून आपलं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. पण ही कामं झाली नसती, तर फॉस कंपनी उभीच राहिली नसती.

१९८९ साली टकोमाने आपल्या शहरातल्या जलमार्गाला थियाचं नाव दिलं. पहिल्या होडीला तेव्हा १०० वर्षं झाली होती. कारखान्यांमुळे ते पाणी आणि खालचा गाळ फार खराब झाला होता. पुढे त्याची सफाई झाली. टकोमाचं काचेचं संग्रहालय तुम्ही बघितलं असेल, तर तुम्ही थिया फॉस जलमार्गाच्या काठावर जाऊन आला आहात!

कंपनी आजही टग चालवते. मालकी आता फॉस कुटुंबाकडे नाही. २००९ साली याच कंपनीने डिझेल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी जगातली पहिली हायब्रिड टग कामाला लावली. पण पुढच्या वेळी फेरीत बसाल, तेव्हा खिडकीतून नीट बघा. हिरवी-पांढरी टग दिसली, तर आईबाबांना सांगा की हे रंग एका आजारातून उठलेल्या आईने पाच डॉलरच्या होडीला दिले होते. आणि हो, हे मराठीतच सांगा.

विचार करा आणि सांगा

१. थियाने जुनी होडी घ्यायचं का ठरवलं? तिने आधी काय पाहिलं होतं?
२. मोठ्या जहाजाला छोट्या टगची गरज का पडते?
३. ते बोट आणि ती बोट हे दोन्ही शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
४. तुमच्या कुटुंबात परदेशात आल्यावर कोणी नाव बदललं किंवा लहान केलं का? घरी विचारा आणि पाच ओळी लिहा.
५. तुमच्या घरात रोज होणारं, पण कोणाच्या लक्षात न येणारं एक काम कोणतं? ते कोण करतं?