विश्लेषण : ‘डिस्को बीट’वर दहा राग वाजवणारे चरणजित सिंग कोण होते?

देवळाली प्रवरात एखादी वरात निघते तेव्हा बेंजो पार्टीने वाजवलेले गाणे सगळ्यांना ओळखू येते, कीबोर्डवाल्याचे नाव मात्र कुणी विचारत नाही. हिंदी चित्रपटसंगीतातल्या कित्येक वादकांचेही तेच झाले. मुंबईचे चरणजित सिंग त्यातलेच. फरक एवढाच की, १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने एक वेगळीच रेकॉर्ड केली. ती चालली नाही. आज मात्र जगभरचे डीजे ती शोधून ऐकतात.

आधी काय करत होते?

जन्म १९४० चा. बेस गिटार, स्टील गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवर चालणारे अकॉर्डियन, ही त्यांची वाद्ये. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे ते वाजवत. ‘दम मारो दम’मधली ट्रान्झिकॉर्ड त्यांचीच. एरवी लग्नसमारंभांत बँड आणि चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड.

त्या रेकॉर्डमध्ये काय आहे?

नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, कंपनी एचएमव्ही. वाद्ये म्हणजे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे. टीआर-८०८ वर ठेका. टीबी-३०३ वर खालचे सूर : सुरांची ओळ आधी भरून ठेवायची, मग ती आपोआप फिरत राहते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे, मींडेची आठवण यावी अशी. या दोन्हींवर ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर ते हाताने राग वाजवतात.

भूपाली, मालकंस, कलावती, बैरागी हे चारही पाच सुरांचे राग यात आहेत. मोजकेच सूर असल्याने ते फिरत्या ओळीत चपखल बसतात. ललतसारखा राग घाईत वाटतो. विलंबित नाही, श्वास घ्यायला जागा नाही; शास्त्रीय संगीत ऐकणारे कुरकुरतील आणि ते चूक नसेल. नवख्यांनी भूपालीपासून सुरुवात करावी, मग मेघमल्हार.

मग ‘अ‍ॅसिड हाऊस’चे जनक तेच का?

रील्समध्ये तसे ठोकून सांगितले जाते. खरे म्हणजे, नाही. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. यंत्र तेच, टीबी-३०३. बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला बनवलेले हे यंत्र तेव्हा खपले नाही, उत्पादन बंद पडले आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. पण शिकागोच्या पोरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती, याला कुठलाही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांत जवळपास सारखाच आवाज निघाला, मुंबईत पाच वर्षे आधी. जनकपणाच्या दाव्यापेक्षा मला हेच जास्त भारी वाटते.

ती पुन्हा सापडली कशी?

एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ही रेकॉर्ड मिळाली. पुढे ते चरणजित यांना मुंबईत भेटले आणि २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. काहींना तर ही आजच्या कुणा संगीतकाराने केलेली थट्टाच वाटली, इतका तो आवाज नवा होता. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या चरणजित यांना युरोपातून बोलावणी आली. चित्रपटगीतांसाठी नव्हे, त्या न चाललेल्या दहा रागांसाठी. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.