बाहुलीत श्वास भरणारा माणूस : आस्मुंड लेर्डाल

नॉर्वेच्या किनाऱ्यावरील स्टाव्हँगर या बंदराच्या गावी १९४० साली आस्मुंड लेर्डाल या तरुणाने छोटासा व्यवसाय थाटला. जन्म १९१३ चा. सुरुवातीला शुभेच्छापत्रे आणि मुलांची पुस्तके, मग लाकडी खेळणी आणि युद्धानंतर मऊ प्लास्टिकच्या मोटारी व बाहुल्या. त्यांची ‘ॲन’ नावाची बाहुली मुलांची फार लाडकी होती. वैद्यकशास्त्राशी या गृहस्थांचा संबंध नव्हता.

तो जोडला गेला पोटच्या पोरामुळे. दोन वर्षांचा टोरे पाण्यात पडून निपचित झाला. वडिलांनी त्याला वेळीच बाहेर ओढले, श्वासमार्गातले पाणी काढले आणि मूल वाचले.

त्याच सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. पीटर साफर एक साधी पण मोलाची गोष्ट सिद्ध करत होते. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. डोके मागे झुकवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होते आणि तोंडाने दिलेला श्वास फुप्फुसांत पोचतो. पाठ दाबण्याची जुनी पद्धत यापुढे फिकी ठरली. १९५८ साली हे संशोधन नॉर्वेत पोचले. पण लोकांना शिकवायचे कशावर? धडधाकट माणसावर हा सराव कसा करणार? स्टाव्हँगरचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्योर्न लिंड यांना आपल्या गावचा खेळणीवाला आठवला.

लेर्डाल यांनी काम अंगावर घेतले आणि माणसाएवढी बाहुली घडवली. मान सरळ असताना फुंकर मारली तर हवा आत जात नसे. डोके नीट मागे झुकवले तरच छाती वर येई. चूक झाली की बाहुलीच सांगे. चेहरा त्यांनी घेतला पॅरिसच्या सीन नदीत सापडल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून. तो मुखवटा त्यांनी नातलगांच्या घरी भिंतीवर पाहिला होता. ‘रेससी ॲन’ १९६० साली जगापुढे आली. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे तंत्रही तेव्हाच पुढे आले होते. साफर यांच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसली. नॉर्वेतील शाळकरी मुलेही या बाहुलीवर श्वास द्यायला शिकली.

लेर्डाल १९८१ साली गेले. पुढे कारखान्याची धुरा टोरे यांनीच सांभाळली. आज डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचारी एकत्र उभे राहून पुतळ्यांवर श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंतचा सराव करतात. कोणी काय करायचे, हे तिथेच ठरते. त्यामागचा विचार एकच : पहिली चूक बाहुलीवर व्हावी, माणसावर नको.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होते. तेवढ्यात पुस्तक उघडून वाचायला सवड नसते. हाताला सवय असावी लागते. विसर्जनाला आपण सारेच नदी-तळ्यावर जातो. मंडळाने यंदा कार्यक्रमपत्रिकेत एक सकाळ या प्रशिक्षणासाठी राखावी. १०८ ची गाडी येईपर्यंत तो जीव आपल्याच हाती असतो.