पाटाच्या पाण्याचा हिशेब : धनंजयराव गाडगीळ

सरकारने एखाद्या कामावर केलेला खर्च सार्थकी लागला की वाया गेला, हे कसे ओळखावे? तिजोरीतून किती गेले आणि किती परत आले, एवढेच पाहून भागत नाही. हा धडा आपल्याच जिल्ह्यातील पाटाकाठच्या गावांवरून ज्यांनी घालून दिला, ते थोर अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. नागपुरात शालेय शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले. परत आल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी काम केले आणि मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद सांभाळले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे ते पहिले संचालक. पुढे छत्तीस वर्षे ती धुरा त्यांनी वाहिली.

गोदावरी आणि प्रवरा या नद्यांचे कालवे इंग्रज सरकारने दुष्काळनिवारणासाठी काढले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. परंतु खर्चाच्या मानाने पाणीपट्टीचे उत्पन्न थोडे, म्हणून सरकारी वहीत हे कालवे तोट्याचेच दिसत. धनंजयरावांनी वही बाजूला ठेवली आणि कालव्याखालच्या बागायती गावांची शेजारच्या जिरायत मुलखाशी तुलना केली. शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, मजुराला किती काम मिळाले, व्यापार किती वाढला, हे त्यांच्या संस्थेने तपासले. १९४८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वहीत न दिसणारा लाभही मोजता येतो, हे त्यातून कळले.

मात्र लाभ दिसला नाही तर तेही ते तितक्याच स्पष्टपणे मांडीत. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली. तिच्या समितीत ते सभासद होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे पाहिली गेली. सहकारी कायद्याला पन्नास वर्षे होत आली होती, तरी शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे निघाले! बाकीचा मोठा भार सावकाराचा. म्हणून संस्था गुंडाळा, असे समितीने म्हटले नाही. सरकारने भागीदार होऊन त्या सबळ कराव्यात, असा सल्ला तिने १९५४ साली दिला. दुखणे ओळखल्यावर औषध द्यायचे असते, रोग्याला टाकायचे नसते.

हे विचार त्यांनी पुण्याच्या ग्रंथालयात ठेवले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी लहान शेतकऱ्यांना एकत्र करून लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव झाले. १९५०-५१ च्या हंगामात तेथे पहिले गाळप झाले.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचा पैसा राज्यांना कोणत्या मापाने द्यावा याचे सूत्र १९६९ मध्ये ठरले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होते. वशिल्याच्या जागी नियम आला. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या घराण्यातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमचे शेत चारीच्या अगदी टेलला आहे. कागदावर ते भिजते, पण उन्हाळी आवर्तनाचे पाणी वरच संपते. माझे वडील चौथी शिकलेले. बजेटाच्या बातम्या लागल्या की ते एवढेच विचारतात, की यातले आपल्या बांधापर्यंत काय येणार? पूर्वी मला त्या प्रश्नाचे हसू येई. धनंजयरावांचे चरित्र वाचल्यावर ते थांबले. खर्च वाढवणाऱ्याने आणि खर्चाला कात्री लावणाऱ्यानेही एकदा टेलच्या शेतापर्यंत चालत यावे, आणि मग हिशेब लिहावा.