धोतऱ्याची भूल

आमच्या फुलंब्रीकडे धोतरा कुणी मुद्दाम लावत नाही. बांधावर, उकिरड्याशेजारी तो आपला आपण उगवतो. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायचा, एरवी पोरांना त्याच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा संबंध. याच धोतऱ्याच्या जोरावर एका डॉक्टरने पूर्ण भूल देऊन मोठं ऑपरेशन केलं, आणि खात्रीशीर नोंद असलेलं तसलं ते जगातलं पहिलं, हे वाचलं तेव्हा खरंच वाटेना. मित्रांनो, विश्वेश्वरय्यांवर आपल्याकडे लेख येतातच, म्हणून यंदा मी हा जपानी माणूस निवडला.

हानाओका सेइशू यांचा जन्म १७६० चा, हिरायामा नावाच्या खेड्यातला. वडील गावचे वैद्य. १७८२ मध्ये ते क्योटोला गेले आणि तीन वर्षांत दोन्ही विद्या शिकले, चिनी परंपरेची औषधं आणि डचांकडून आलेली शस्त्रक्रिया. त्या काळी जपानने परदेशी लोकांना दारं बंद केली होती. युरोपियनांपैकी नागासाकीला व्यापारापुरते डच तेवढे असत. हानाओका गावी परतले तेव्हा कापायचं ज्ञान हातात होतं, पण शुद्धीतला माणूस किती कापून घेणार?

तिथून पुढे जवळजवळ वीस वर्षं एकच प्रोजेक्ट! (आपण एका सेमिस्टरमध्ये कंटाळतो.) त्यांच्या काढ्यात मुख्य धोतरा, मग बचनाग आणि आणखी काही वनस्पती. धोतऱ्याचं जपानी नाव मांदाराके. हा शब्द आपल्या संस्कृत मांदारववरून चीनमार्गे तिकडे गेला. काढ्याचं नाव त्सुसेनसान. बचनाग जहाल विष, धोतराही कमी नाही, म्हणजे प्रमाण चुकलं की खेळ खलास. हॉस्टेलच्या मंडळींनी कृपया प्रयोग करू नये.

धोतऱ्यात स्कोपोलामाइन आणि ॲट्रोपिन असतं. आपल्या नसा ग्रंथींना, हृदयाला निरोप देताना ॲसिटिलकोलिन सोडतात. ही द्रव्यं तो निरोप घेण्याच्या जागेवर आधीच जाऊन बसतात. थोडक्यात, रिसीव्हरच जॅम! मग तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, ठोके वाढतात. स्कोपोलामाइन मेंदूतही सहज शिरतं, त्यामुळे माणूस गुंगतो आणि झालेलं त्याला आठवत नाही.

आधी प्राण्यांवर करून पाहिलं. मग माणूस कोण? आई आणि बायको काए दोघी पुढे आल्या, असं सांगतात. त्यात आईचा जीव गेला आणि काएची दृष्टी गेली. याला सगळे त्याग म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्या काळच्या घरातली सून नाही म्हणू शकली असती का? आणि तिच्याशिवाय डोस ठरला असता का? माझ्या मते शोधावर दोघांचंही नाव हवं. सावाको आरियोशी या लेखिकेने १९६६ साली या घरावर कादंबरी लिहिली, तिचं नावच हानाओकांची बायको असं आहे. बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर १८०४. पेशंट ६० वर्षांची बाई, स्तनाचा कॅन्सर. तिला दमा आणि बेरीबेरीही होता, म्हणून हानाओकांनी घाई न करता आधी ते दुखणं आटोक्यात आणलं. काढा पाजला, काही तास वाट पाहिली, ती गाढ गेल्यावर गाठ काढली. काही महिन्यांनी ती वारली, पण वेदनेशिवाय ऑपरेशन होतं हे सिद्ध झालं होतं. पुढे त्यांनी स्तनाच्या कॅन्सरची दीडशेच्या वर ऑपरेशनं केली.

काढ्याची अडचण इंजिनिअरला लगेच कळेल. एकदा पोटात गेला की परत घेता येत नाही, पेशंट कधीकधी दिवसभर उठत नसे. बोस्टनला १८४६ मध्ये आला तो ईथर श्वासावाटे द्यायचा, हवं तेव्हा थांबवायचा. शिवाय हानाओका शिष्यांकडून गुप्ततेची शपथ घेत. बंद देशातली बंद विद्या, बाहेर कुणाला पत्ताच नाही. १८३५ मध्ये ते वारले. जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या बोधचिन्हात त्यांच्या आठवणीने हेच फूल घेतलं आहे.

धोतऱ्याने झोपवायचं आता कुणी करत नाही, पण ते घराणं ऑपरेशन थिएटरमध्ये टिकून आहे. ग्लायकोपायरोलेट लाळ कमी करतं आणि ठोके मंदावू देत नाही. ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून पेशंट बरळतही नाही. आणि कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी दवाखान्यात आणला, की त्याला देतात ते ॲट्रोपिनच.