पहिल्या विमानाचा मिस्तरी

पेणचा गणपती कुठे कुठे जातो, पण मूर्ती कुणी घडवली हे मंडपात कोण विचारतं? चार्ली टेलरचं असंच झालं. राइट बंधू शाळेच्या पुस्तकात आले, त्यांच्या विमानाचं इंजिन बनवणारा मिस्तरी मात्र राहिला. आपल्यातले जे आयटीआय करून धाटावला मेंटेनन्सला लागतील, त्यांना तरी तो माहीत हवा.

चार्लीचा जन्म २४ मे १८६८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉयचा. शाळा लहानपणीच सुटली. १९०१ मध्ये तो डेटन शहरात राइट बंधूंच्या सायकल दुकानात लागला, तासाला ३० सेंटवर. भाऊ ग्लायडर उडवायला गेले की दुकान सांभाळायचं, एवढंच खरं तर काम.

मग त्यांना विमानासाठी इंजिन हवं झालं. पुरेसं हलकं इंजिन कुठल्याच मोटार कंपनीकडे मिळेना. चार्लीनं ते दुकानातच करायला घेतलं. हाताशी लेथ, ड्रिल मशीन आणि कागदावर काढलेली कच्ची स्केचेस. क्रँकशाफ्ट त्यानं पोलादाच्या सलग तुकड्यातून काढला! सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन तयार. चाचणीत क्रँककेस फुटली, ती पुन्हा ओतून आणावी लागली.

इंजिन सुरू करायला बॅटरी होती, पण ती जमिनीवरच राहायची. उडताना ठिणगीसाठी वीज द्यायचा मॅग्नेटो, फ्लायव्हीलला घासून फिरणारा. जुन्या लुनात असायचा त्याच जातीचा. इंजिन किती फिरतंय हे कळायला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावलं होतं, सोबत स्टॉपवॉच. एकूण फेरे भागिले वेळ, झाला वेग.

आज घरी विमान बांधणारे हौशी लोक वेगळी युक्ती करतात. ते मॅग्नेटोच्याच ठिणग्या मोजतात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे मिनिटाला ४००० मोजल्या तर इंजिन २००० फेरे फिरतंय. त्यासाठी मॅग्नेटो बंद करायच्या वायरलाच मीटरची वायर जोडतात. गोची अशी की ही वायर सांगाड्याला टेकली तर अर्थ होऊन मॅग्नेटोच बंद पडेल, तेही हवेत. म्हणून मॅग्नेटोच्या अगदी जवळ रेझिस्टर घालतात. पुढे वायर कुठेही घासली तरी ठिणगी चालू राहते. चार्लीला हे दोन मिनिटांत पटलं असतं, असं मला वाटतं.

१७ डिसेंबर १९०३ ला विमान उडालं. चार उड्डाणांतलं सर्वात मोठं ५९ सेकंदांचं. चार्ली तिथे नव्हताच, तो डेटनला दुकानात होता.

पुढे १९११ मध्ये कॅल रॉजर्सनं विमानानं अमेरिका पार केली तेव्हा चार्ली मेकॅनिक म्हणून ट्रेननं मागोमाग गेला. नंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाला आणि तिथे पैसे बुडाले. १९३० च्या दशकात राइटांचं दुकान संग्रहालयात पुन्हा उभारायला हेन्री फोर्डनं त्याला शोधून काढलं, तेव्हा तो एका विमान कारखान्यात साधा मशिनिस्ट होता. पगार तासाला ३७ सेंट. पस्तीस वर्षांत वाढ सात सेंटची!

ऑर्व्हिल राइटनं मृत्युपत्रात त्याच्यासाठी वर्षाला ८०० डॉलर ठेवले होते. ३० जानेवारी १९५६ ला चार्ली गेला, धर्मादाय वॉर्डात. आता त्याच्या जन्मतारखेला, २४ मे ला, अमेरिकेत विमान मेकॅनिकांचा दिवस पाळतात.