१९०७, ९७ आणि कापरेकर मास्तर

डिसेंबरात आमचा हॉस्टेलचा ग्रुप माथेरानला गेला होता. एम-थ्रीची केटी डोक्यावर, त्यामुळे माझा मूड यथातथाच. दस्तुरीहून लाल मातीतून चालताना कुणीतरी म्हणालं, इथली मिनी ट्रेन १९०७ ला सुरू झाली. १९०७ प्राइम आहे का? मी भागाकार करत बसले (आहे!) आणि कापरेकर आठवले.

कॉन्व्हेंटमध्ये मी फक्त ६१७४ हा 'काप्रेकर कॉन्स्टंट' ऐकला होता. मला वाटायचं, कुणी रशियन असेल! हे तर आपल्या डहाणूचे, जन्म १९०५. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद; त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांचं वेड लागलं. शाळा ठाण्याला, कॉलेज फर्ग्युसन, १९२७ ला रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ ला बी.एस्सी. पुढची डिग्री नाहीच. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर.

डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं, डेम्लो. १११ चा वर्ग १२३२१, तो त्यातलाच. पण मला आवडतात त्या त्यांच्या स्वयंभू संख्या. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १८८५ च्या अंकांची बेरीज २२, मिळवली की १९०७. म्हणजे १९०७ ला जनक आहे. ९७ साठी मात्र कितीही शोधा, जनक सापडत नाही. ती स्वयंभू, आणि वर प्राइमसुद्धा!

याचा उपयोग काय? आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हेच विचारून त्यांना बाजूला ठेवलं. मला याचा खरंच राग येतो. मास्तरांनी मात्र लिहिणं सोडलं नाही. पेन्शन पुरेना म्हणून रिटायर झाल्यावर शिकवण्या केल्या. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते माहीत झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तर. १९८६ ला ते गेले.

परतताना नेरळला लोकलमध्ये खिडकी मिळाली. केटीच्या वहीच्या मागच्या पानावर मी शंभरच्या आतल्या स्वयंभू प्राइम काढायला घेतल्या. ३, ५, ७, ३१, ५३, ९७. वर बघितलं तर डोंबिवली मागे पडलं होतं.