राजा रविवर्मा आणि मळवलीचा छापखाना

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल चिंचवड, देहूरोड, तळेगाव मागे टाकून मळवली ह्या लहानशा स्थानकावर थांबते. कार्ले व भाजे येथील लेणी पाहावयास लोक येथे उतरतात. ह्याच मळवलीस एके काळी हिंदुस्थानातील घरोघरच्या भिंती सजविणारा छापखाना होता, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते.

त्याचे संस्थापक राजा रविवर्मा ह्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. भाच्याचा चित्रकलेकडील ओढा मामांनी ओळखला व त्यास तिरुवनंतपुरमच्या दरबारी नेले. तैलरंगांची विद्या त्यांनी बहुतांशी पाहून पाहूनच साध्य केली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांजकडून पौराणिक प्रसंगांची चित्रे करविली.

परंतु राजवाड्यातील चित्र किती जणांनी पाहावे? दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी त्यांस पूर्वीच सुचविले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्या. रविवर्मा ह्यांनी त्याहून धाडसाचा मार्ग धरिला. १८९४ साली त्यांनी मुंबईस स्वतःचाच छापखाना घातला. शिळा व यंत्रे जर्मनीहून आली, कारागीरही तेथलेच. एका चित्राचे रंग निरनिराळे करून प्रत्येक रंगास एकेक शिळा तयार करावयाची आणि तोच कागद एकामागून एक सर्व शिळांवर बिनचूक बसवावयाचा. केसभर चूक झाली तरी देवीचे ओठ गालावर जावयाचे! पुढे हा कारखाना मळवलीस हलविण्यात आला.

ह्या चित्रांस कित्येक टीकाकार बाजारी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती घ्या. एकच क्षण रेखाटला आहे. पण हंस कोठून आला व पुढे काय होणार, हे पाहणारा आपल्या मनाने भरून काढतो. आजच्या चित्रकथेत दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत वाचकास हेच करावे लागते. १९६७ साली निघालेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेतील देवदेवतांच्या रूपांवर रविवर्म्यांच्या छापांची छाया स्पष्ट दिसते. मोठ्या प्रकाशकाच्या आश्रयावाचून स्वतः चित्रकथा काढून स्वतःच छापणारे जे तरुण आज दिसतात, त्यांनी आपल्या ह्या पूर्वजाचा हिशेबही पाहावा.

कारण तो हिशेब जमला नाही. धाकटे बंधू राजा राजवर्मा व्यवहार पाहत, तरी कर्ज वाढतच गेले. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायखर ह्या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०५ साली बंधू निवर्तले व २ ऑक्टोबर १९०६ रोजी स्वतः रविवर्मा.

छापखाना मात्र चालू राहिला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके ह्यांनी त्यापूर्वी ह्याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली आग लागून कारखाना नष्ट झाला. जुन्या वाड्यांतून मात्र त्याच्या तसबिरी अजून आढळतात.